अक्काची भट्टी कामून विझवली?

अक्का, तुझी भट्टी बंद केली त्यांनी. नुसती बंद केली असती तर एक वेळ... न्हाई, एक वेळही मी सोडलं नसतं. बंद केली, वर झेंडूचा हार घातला, दारावर कुंकवाची बोटं ओढली, समोर उदबत्ती लावली. कुंकू, अक्का! तुझ्या खोलीत! जिथं मला तोंडाला पावडर लावून यायची बंदी होती, तिथं आपल्या भौतिकशास्त्र विभागातल्या झाडून सगळ्यांनी रांगेनं येऊन कुंकू वाहिलं आणि पाया पडून गेले.

तुझ्या गावी, चिंताकीला, भावाच्या दारातून तुला शेवटचा निरोप देऊन मी कलबुर्गीला परतले ती स्टँडवरून थेट विभागात. कपडे बदलले न्हाईत, तोंडावर पाणी मारलं न्हाई. तू गेलीस, पण तुझं काम चालू आहे, एवढा एकच आधार धरून मी त्या बसमध्ये बसले होते. दार उघडलं तर आत शांतता. भट्टीच्या अंगाला हात लावला, गार. मी तिथंच खाली बसले. चिंताकीला मी रडले नव्हते, तुझ्या वहिनीला सावरत होते. इथं रडले. रडू दुःखाचं होतं म्हणावं तर तसं नव्हतं, संतापाचं होतं. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, ‘रडायलीस कशाला, आधी स्विच बघ.’ बघितला. मेन स्विचचा दांडा वरून खाली ओढलेला. वीज जाऊन बंद पडलेली नव्हती ती, माणसानं बंद केली होती.

वीज गेली तरी चालावी म्हणून तू काय काय केलं नव्हतंस. आधी बॅटऱ्या, मग बॅटऱ्यांच्या मागं जनरेटर, आणि जनरेटरवरही विश्वास न्हाई म्हणून वीज कार्यालयातल्या साहेबांशी भांडण. ‘तुम्ही लाईट घालवा, पण आधी मला फोन करा,’ असं त्यांना बजावून आली होतीस. उन्हाळ्यात अख्खं कलबुर्गी घामानं भिजायचं, पंखे बंद, आणि तुझी भट्टी मात्र आपली हळूहळू, तासाला जेमतेम पाव अंश उतरत चाललेली. वळवाच्या वाऱ्याला पुरून उरली, विजेच्या खांबाला पुरून उरली. मेली ती प्रेमानं मेली.

हो, प्रेमानं. तोच तर राग आहे. दुष्टपणानं केलं असतं तर मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते.

मी प्रमुख सरांच्या खोलीत गेले. हाताला कुंकू लागलं होतं तशीच. विचारलं, ‘सर, अक्काची भट्टी कामून विझवली?’

सर उठून उभे राहिले. डोळे लाल होते, खोटं कशाला बोलू. म्हणाले, ‘सुनंदाताई, घरात माणूस गेलं की चूल पेटवतात का? शेजारपाजारचे भाकरी आणून देतात, पण त्या घरची चूल थंड ठेवतात. अक्काला घर कोणतं होतं? हेच. मग तिची चूल आम्ही कशी पेटती ठेवायची? सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी स्वतः बंद केली, शिपायाला हात लावू दिला न्हाई.’

मी म्हणाले, ‘सर, आत माल होता. महिनाभर थंड होत आलेला माल.’ तर म्हणाले, ‘माल काय, पुन्हा घालता येईल. अक्का पुन्हा येणार आहेत का?’ आणि स्वतःच रुमाल डोळ्याला लावला. भौतिकशास्त्राचा माणूस, अक्का! ज्याला भट्टी आणि चूल यातला फरक मी सांगायचा! पण चुलीत भाकरी असते का कधी महिनाभर? अर्धी भाजलेली भाकरी तव्यावर असताना कुणाच्या घरची बाई चूल विझवते?

आणि मग ती शोकसभा. तू असतीस तर पहिल्या भाषणालाच उठून गेली असतीस. म्हणे सरोजनी म्याडम फार शांत, फार सोशिक. सोशिक? तू? शेंगदाण्याची चटणी डब्यात घेऊन आत आलेल्या पाहुण्या प्राध्यापकाला डब्यासकट बाहेर काढणारी तू? खंडेनवमीला भट्टीची पूजा करायला आलेल्यांना ‘दाराला करा, उंबऱ्याला करा, माझ्या डोक्याला करा, पण हळदीकुंकवाचा एक कण आत न्यायचा न्हाई’ म्हणून दरवर्षी उंबऱ्यावर अडवणारी तू? एकीनं तर कळस केला. म्हणाली, म्याडमच्या हाताला गुण होता. हाताला गुण! हा शब्द कुणी काढला की तुझं टाळकं फिरायचं, आठवतंय? ‘हाताला गुण म्हणजे काय गं? मी तूप कढवायलेय का? पुरुषानं केलं की पद्धत, बाईनं केलं की हाताचा गुण.’ मी त्या सभेत शेवटच्या ओळीत बसून दातओठ खाल्ले. बोलायला उभं केलं तर बोलता आलं न्हाई. म्हणून हे आता लिहायलेय.

तू नेमकं काय करायचीस ते त्या सभेत एकालाही सांगता आलं न्हाई. तुझ्या भावाला, मल्लूअण्णाला, तू एकदा माझ्यासमोर सांगितलं होतंस ते मला सगळ्यात आवडलेलं. तुरीच्या राशीला आपण चिंताकीला गेलो होतो. खळ्यावर चहा पिताना त्यानं विचारलं, ‘अक्का, तू कलबुर्गीत दिवसभर करतीस तरी काय?’ तू म्हणालीस, ‘भांड्यात माल वितळवते आणि सावकाश थंड करते.’

‘खव्यासारखं?’

‘खडीसाखरेसारखं. पाक घाईनं गार केला की नुसता गोळा होतो. सावकाश केला की खडे धरतात, लख्ख, कडा असलेले.’

‘मग ते खडे विकतीस?’

‘न्हाई रे बाबा. ते खडे हिला देते.’ माझ्याकडं बोट. ‘ही त्यांना भयंकर थंडीत नेऊन ठेवते. तिथं त्यांच्यातून वीज जाती, आणि तिला काहीच अडत न्हाई. काहीच. जितकी घातली तितकी जाती.’

‘कामून?’

‘तेच तर कुणाला कळंना झालंय. साध्या धातूंचं कळलं. ह्या तांब्याच्या काळ्या ऑक्साइडांचं न्हाई. त्यांना तसं व्हायला थंडी कमी लागती. ती कमी कामून लागती, ते जगात कुणालाच धड सांगता येत न्हाई अजून. म्हणून खडा शुद्ध पाहिजे. खड्यात घाण असली की कळतच न्हाई, बोलायलंय कोण, खडा का घाण.’

मल्लूअण्णा म्हणाला, ‘एवढं शिकून शेवटी निवडणं-पाखडणंच की,’ आणि तू पोट धरून हसलीस.

आपलं भांडणही त्याच्यावरच होतं, अक्का. बोलायलंय कोण. तुझ्या खड्यांवर मी जे मोजायची, त्याच्या आलेखाच्या रेघेवर मला एका ठिकाणी एक बारीक उंचवटा दिसायचा. दर वेळी, त्याच थंडीला. मला वाटायचं, हा पदार्थाचाच आवाज आहे, अतिवाहकता, म्हणजे ते विजेचं न अडता जाणं, सुरू व्हायच्या आधी त्यात काहीतरी शिजायलंय त्याची खूण आहे. तू त्याला टेंगूळ म्हणायचीस. ‘तुझं टेंगूळ कसं आहे?’ असं भर बैठकीत विचारायचीस मेली. तुझं म्हणणं, हा भांड्याचा मळ आहे. वितळलेला माल एवढा खादाड असतो की ज्या भांड्यात ठेवावा त्यालाच थोडं थोडं खातो, आणि ते खाल्लेलं खड्यात येतं. ‘तू ज्याला शोध म्हणायलीस ना, ते भांड्याचे पोपडे आहेत.’

असं कुणी बोलतं का? पण तू बोलायचीस. आणि मीही काही कमी न्हाई. मी म्हणायची, ‘तुला सगळ्या जगात मळच दिसतो.’ चार-चार दिवस अबोला. मग तू माझ्या टेबलावर भाकरी आणि पुंडीची भाजी आणून ठेवायचीस, एक शब्द न बोलता, आणि मी ती न बोलता खायची. घास पोटात गेला की पुन्हा भांडण. राजेश्वर गावच्या शाळेतून आलेली मी, चार माणसांत तोंड उघडायला भ्यायची. वाद घालायला मला तू शिकवलंस, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध. ह्याचे आभार मी कधी मानले न्हाईत. मानले असते तर म्हणाली असतीस, ‘आभार लेखाच्या शेवटी लिही, लोक माझ्यासाठी तेवढीच जागा ठेवतात.’ खरंच होतं ते. मोठ्या शहरांतले लोक तुझे खडे मागून न्यायचे, त्यांच्या यंत्रांवर मोजायचे, सन्मान घ्यायचे, आणि अगदी खाली, डोळ्यावर चष्मा चढवून शोधावी लागेल अशा ओळीत, ‘नमुने उपलब्ध करून दिल्याबद्दल’. नमुने! जणू कापडाच्या दुकानातून आणलेत.

तर त्या भांडणाचा निकाल लावायला तू हे शेवटचं भांडं केलंस. विकतचं न्हाई, स्वतः. जे द्रव्य त्या खादाड मालाला खाताच येत न्हाई, त्याची भुकटी दाबून, भाजून, दोनदा तडकलं तर तिसऱ्यांदा करून. म्हणालीस, ‘सुनंदे, आता मळाला जागाच न्हाई. ह्या खड्यात टेंगूळ आलं तर मी तुझ्या पाया पडीन. न्हाई आलं तर तू पड.’ माल घातला, वितळवला, भट्टीला सावकाश थंड होण्याचा उतार लावला. आणि तू भाचीच्या लग्नाला चिंताकीला गेलीस. जाताना म्हणालीस, ‘मी आल्यावर ओतू.’ गरम असतानाच उरलेला पाक ओतून टाकावा लागतो, तरच खडे मोकळे, स्वच्छ राहतात, ते ओतणं. ते तुझ्याइतकं नीट कुणाला येत न्हाई म्हणून तू आल्यावर करायचं होतं. लग्नघरातच तुझं काळीज थांबलं.

मला तुझाही राग आलाय, अक्का. असं कुणी जातं का? निकाल आठवड्यावर आलेला, आणि तू जाऊन बसलीस.

पुढं ऐक. मी ते भांडं फोडलं. पाक ओतायचा राहिला होता, सगळं गोठून एक काळा दगड झाला होता. छिन्नीनं हळूहळू कोरत गेले. एका कोपऱ्यात, भिंतीला लागून, खडे सापडले. छोटे, पण कडा सरळ, पाठ आरशासारखी. तुझेच. दुसऱ्या कुणाचे असे नसतात. पण अंगाला गोठलेला पाक चिकटलेला, आणि भिंगाखाली धरले तर आतही अडकलेला, भेगांमधून शिरलेला. मी त्यातला बरा खडा निवडला आणि थंडीत नेला.

टेंगूळ आलं.

ठळक, आधी कधी नव्हतं एवढं. मी त्या पडद्याकडं बघत बसले. आयुष्यभर ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडले, ते समोर आलं होतं, तुझ्या स्वतःच्या भांड्यातल्या, तुझ्या हातच्या खड्यात. आणि मला पहिली गोष्ट काय वाटली सांगू? वाटलं, पळत जाऊन तुला दाखवावं.

प्रमुख सरांना कळलं आणि ते तर हरखलेच. म्हणाले, ‘ताई, हे लिहून टाका. अक्काचा शेवटचा खडा, अक्काचं नाव पहिलं, खाली तुमचं. श्रद्धांजली म्हणून छापू. यापेक्षा मोठी श्रद्धांजली कोणती?’

मी म्हणाले, ‘सर, हा खडा घाण आहे. आतमध्ये पाक अडकलाय. टेंगूळ खड्याचं का त्या पाकाचं, मला सांगता येत न्हाई.’

‘एवढं कोण विचारतंय?’

‘अक्कानं विचारलं असतं.’

‘अक्का कुठं आहेत आता?’

‘न्हाई ना. म्हणून मी विचारायलेय.’

सरांना ते आवडलं न्हाई. त्यांनी मल्लूअण्णाला फोन केला. तुझ्या राहत्या खोलीतलं सामान न्यायला तो कलबुर्गीला आलाच होता. दुसऱ्या दिवशी विभागात आला. माझ्या टेबलासमोर बसला, टोपी मांडीवर. म्हणाला, ‘ताई, सर म्हणायलेत अक्काचं नाव मोठ्या पुस्तकात पहिलं येणार. तिचं नाव कायम खालीच यायचं म्हणून ती चिडायची, मला ठाऊक हाय. आता एकदा वर येऊ द्या की. तुमचंच म्हणणं खरं ठरलंय म्हणे त्यात. मग अडवायलाव कामून?’

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. भट्टी बंद पडली, पाक ओतला न्हाई, घाण आत राहिली. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे तिनं शेवटी वाईट माल काढला, असं तुम्हाला म्हणायचंय.’

‘न्हाई अण्णा! तिनं चांगला काढला होता. तो बिघडवला.’

‘कुणी?’

मी सरांच्या खोलीकडं बघितलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुझी चूल थंड ठेवली म्हणून तो तिथंच उठून सरांच्या पाया पडला असता. त्याच्याही घरी चूल तेव्हा थंडच होती की. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं त्याला वेगळंच कळलं. उठला. म्हणाला, ‘तुम्ही तिची मैत्रीण होता का वैरीण, तेच मला उमगंना झालंय.’ चहा समोर होता, घेतला न्हाई. तुझ्या साड्यांचं गाठोडं आणि तुझी ती खुर्ची जीपमध्ये टाकून गेला. मी मागून दोन फोन केले. उचलत न्हाई.

त्याचं तरी काय चुकलं, अक्का? बहिणीचं नाव वर यावं एवढंच त्याला पाहिजे. मला न्हाई का पाहिजे? तुझं नाव पहिलं बघायला मी काय दिलं नसतं! आणि माझाही फायदाच होता त्यात, लबाडी कशाला करू. टेंगूळ खरं ठरतंय, तेही तुझ्या नावानं, आता खोडायला कोण येतंय? मेलेल्या माणसाच्या शेवटच्या कामावर बोट ठेवायला कोण धजतं? सगळे हार घालून मोकळे होणार. म्हणूनच माझं डोकं फिरलं. जिवंत होतीस तोवर तुला तळाच्या ओळीत ठेवलं, आणि आता वर बसवायलेत ते तू उकिरड्यावर फेकला असतास अशा खड्यावर. तू कितीतरी चांगले खडे नुसती एक भेग दिसली म्हणून टाकून दिलेस. मी ओरडायची, ‘अगं, मोजण्यापुरता तरी दे!’ तू म्हणायचीस, ‘माझ्या हातून गेलेला खडा खोटं बोलला तर ते मी बोलल्यासारखं आहे.’ तुझ्या नावानं आता मी खोटं बोलू?

लेख दिला न्हाई मी. सरांना लेखी कळवलं की हे मोजमाप ग्राह्य धरू नये. सर आता समोरून गेले तरी बघत न्हाईत. न बघोत. विभागात कुजबुज आहे की सुनंदाला अक्काचं नाव पहिलं नको होतं. ऐकायलेय. एकेकाला धरून उत्तर द्यावंसं वाटतं, आणि मग तुझी एवढी आठवण येते की वाटतं, ते उत्तर द्यायला तूच इथं पाहिजे होतीस, माझ्यापेक्षा चारपट तिखट दिलं असतंस.

आणि आता मी स्वतः भांडं करायलेय, अक्का. हसू नको. आयुष्यभर तू पिकवलेलं मी नुसतं मोजलं. भुकटी दाबताना पहिलं तडकलं, दुसरं भाजताना वाकडं झालं. तुझ्या नोंदी आहेत, सगळं लिहिलेलं आहे, पण लिहिलेलं वाचून भाकरी गोल होत न्हाई. किती वर्षं लागतील ठाऊक न्हाई. टेंगूळ येईल का न्हाई, तेही ठाऊक न्हाई. आलं न्हाई तर चिंताकीला जाऊन, मल्लूअण्णा बोलो न बोलो, जिथं तुला मातीत ठेवलंय तिथं पाया पडीन. पैज म्हणजे पैज.

पण आलं तर? तू तर पाया पडायला येणार न्हाईस. चालेल. स्वच्छ खड्यावर तुला हरवीन, न्हाईतर जन्मभर तुझ्याकडून हरलेलीच राहीन. तुला उत्तर देता येत न्हाई म्हणून मिळालेली जीत मी घेणार न्हाई, अक्का. कुणी कितीही हार घालून दिली तरी न्हाई.